पोछ्याचं डोकं कधी बदलायचं? आणि बाकीची झाडलोट

दिवाळी तोंडावर आली की या सदराला येणाऱ्या कोल्हापूरकरांच्या पत्रांचा रंग बदलतो. एरवी तांबड्या रश्श्याला कट कसा येईल, पांढरा रस्सा फुटू नये म्हणून काय करायचं असलं विचारणारी मंडळी यावेळी सगळी झाडू, मॉप आणि फिनेलवर घसरलीत. चालतंय की. रस्सा पुढच्या अंकात. पत्रं वाचताना एक गोष्ट मात्र डोळ्यात भरली, बऱ्याच घरांत मॉप विकत घेणारं माणूस वेगळं आणि तो रोज हातात धरणारं वेगळं, आणि निम्मी भांडणं तिथनंच सुरू होतात. त्यावर खाली कामवाल्या मावशींबद्दलच्या पत्रात बोललेय.

प्रश्न: ताई, मागच्या वर्षी बादलीसकट स्पिन मॉप घेतला. बादली, दांडा सगळं अजून झकास आहे पण खालचं गोल डोकं पार चपटं झालंय, दोऱ्यांच्या गुठळ्या झाल्यात. दुकानदार म्हणाला युनिव्हर्सल रिफील आहे, कुठल्याबी मॉपला बसतंय. घरी आणून बसवलं, निम्मा हॉल पुसला आणि सोफ्याखाली घातल्यावर डोकं तिथंच राहिलं आणि नुसता दांडा माझ्या हातात. आता नवीन सेटच घेऊ का? – बँकेत नोकरी करणारी, राजारामपुरी

उत्तर: सेट नको घेऊ, थांब जरा. युनिव्हर्सल हा शब्द पाकिटावर छापायला काही पैसे पडत नाहीत. हे जे गोल रिफील असतं ना, ते म्हणजे एक प्लास्टिकची रिंग आणि तिला भोवतीनं मायक्रोफायबरचे दोरे. ती रिंग दांड्याच्या खालच्या चकतीवर टक्कन बसते. बहुतेक चकत्या साधारण १६ सेंटीमीटरच्या आसपास असतात म्हणून सगळे रिफील बघायला सारखेच वाटतात, पण दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडला किंवा रिंगेच्या आतले दात वेगळ्या जागी असले की बसल्यासारखं वाटतं आणि बसत नाही. काही कंपन्यांची चकती तर तिकोनी असते, तिला गोल रिफील जन्मात बसणार नाही.

तुझं डोकं सोफ्याखालीच का निसटलं ते सांगते. दांडा उभा असतो तेव्हा चकतीवर वरनं दाब असतो, त्यामुळं अर्धवट बसलेलं रिफीलही धरून राहतं. सोफ्याखाली दांडा आडवा झाला की चकती एका कडेनं उचलली जाते आणि जी बाजू नीट अडकलेली नाही ती सुटते. म्हणजे एकतर माप चुकलंय किंवा बसवताना एक बाजू टक झालीच नाही. आधी दुसरं तपासून बघ, पैसे वाचतील.

काढायची पद्धत अशी, मॉप जमिनीवर उभा धरायचा, एका बाजूच्या दोऱ्यांवर पाय घट्ट ठेवायचा आणि दांडा वर ओढायचा, सुटलं. हातानं दोरे ओढत बसू नको, नखं जातात. नवीन बसवताना रिफील फरशीवर दोरे खाली करून ठेवायचं, सगळे दोरे हातानं बाहेरच्या बाजूला पसरवायचे, कारण एखादा दोरा जरी रिंग आणि चकतीच्या मधे सापडला तरी तेवढ्या जागी ते बसत नाही आणि बहुतेक वेळा भानगड हीच असते. मग चकती बरोब्बर मधोमध ठेवून तिच्यावर पायानं दाबायचं, आधी एक कड, मग समोरची कड. टक असा आवाज यायला पाहिजे. मग मॉप उचलून बादलीतल्या रिकाम्या जाळीत दोन गिरक्या द्यायच्या. डोकं हेलकावे खात फिरलं तर एक बाजू सुटलेली आहे, परत काढ.

एवढं करूनही निसटलं तर माप चुकलंय. जुनं रिफील टाकलं नसशील तर ते पिशवीत घालून दुकानात ने आणि नवीन रिंगेला पाठीला पाठ लावून बघ. जुनं टाकलं असशील तर सरळ दांडाच घेऊन जा. रिक्षात मॉप घेऊन बसायला लाज वाटत असेल तर महाद्वार रोडवर गणपतीच्या आधी लोक काय काय घेऊन रिक्षात बसलेले असतात ते आठव.

आता कधी बदलायचं ते. रोज पुसणाऱ्या घरात दोन-तीन महिने हा ढोबळ हिशोब लोक सांगतात, मी म्हणते कॅलेंडरपेक्षा डोक्याकडं बघ. धुऊन वाळल्यावरही दोरे चपटेच राहतात, वास जात नाही, पुसल्यावर फरशीवर दोऱ्याचे तुकडे सापडतात, किंवा पाणी ओढून घ्यायच्या ऐवजी नुसतं पुढं ढकलतं, यातलं काहीही एक दिसलं की त्याचे दिवस भरले. दोन माणसांच्या घरात तेच रिफील सहा महिनेही जातं, आणि खाली दुकान वर घर असलेल्यांचं महिन्यात बाराच्या भावात जातं.

आणि घेताना पाकिटावरचं बारीक वाच. चांगल्या मायक्रोफायबरमध्ये पॉलिस्टरच्या जोडीला पॉलिअमाइड म्हणजे नायलॉन असतं, बहुतेक ८० आणि २० टक्के असं. ते धागे उभे चिरलेले असतात, त्या फटींत पाणी आणि धूळ अडकते, सगळी करामत तिथं आहे. नुसत्या पॉलिस्टरचं असेल तर गुळगुळीत लागतं आणि पाणी ढकलतं. दुकानात पाणी सांडून बघता येत नाही, म्हणून तळहात फिरवून बघ. चांगलं असेल तर हाताच्या कोरड्या कातडीला बारीकसं अडकतं, अंगावर शहारा येतो तसलं. ते अडकणं आवडत नाही म्हणून लोक मऊ मऊ उचलतात आणि फसतात.

पुढच्या वेळी सेट घेताना त्याच दिवशी त्याच कंपनीची दोन रिफील सोबत घेऊन टाक. मॉडेल बंद पडतात आणि मग धडधाकट बादली भंगारात जाते. ज्या मॉपचं रिफील आपल्या गल्लीतल्या दुकानात मिळत नाही तो कितीबी स्वस्त असू दे, घेऊ नये.

प्रश्न: पावसाळ्यात मॉपला कुबट वास मारतो आणि पुसल्यावर तोच वास घरभर. फिनेल दुप्पट टाकलं, लिंबाच्या वासाचं लिक्विड आणलं, काही फरक नाही. – नागाळा पार्क

उत्तर: वास फरशीचा नाही, मॉपचा आहे, आणि फिनेल दुप्पट टाकून तुम्ही कुबट वासात फिनेलचा वास मिसळलात एवढंच. ओलं राहिलेल्या दोऱ्यांत जंतू वाढतात, वास त्यांचा. त्यामुळं उपाय दोनच, नीट धुणं आणि पूर्ण वाळवणं, आणि कोल्हापूरच्या जुलैत दुसरं जमत नाही ही खरी अडचण. म्हणून पावसाळ्यात दोन डोकी ठेवा. एक वापरात, एक वाळत. काम झालं की मॉप त्याच बादलीत उभा ठेवायची जी सवय असते ना, तिनंच नासतंय सगळं, खाली साठलेल्या पाण्यात रात्रभर भिजत असतो तो. डोकं काढायचं, कोमट पाण्यात थोडी धुण्याची पावडर घालून अर्धा तास भिजवायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत खळखळून धुवायचं, परत बसवून दोनदा गरागरा फिरवून निथळायचं आणि मग काढून गॅलरीत किंवा पंख्याखाली दोरे मोकळे सोडून टांगायचं. ऊन पडलं की सगळ्यात आधी मॉप बाहेर, पापड नंतर.

मायक्रोफायबरला कपड्यांचं सॉफ्टनर लावू नका, त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि पाणी ओढायचंच बंद होतं. ब्लीचही नको, धागा कुजतो. उकळतं पाणीही नको, ६० अंशांपर्यंत ठीक. कॉटनचा मॉप असेल तर मात्र खुशाल उकळत्या पाण्यात घाला, तो सोसतो. हे उलटसुलट होतं लोकांचं, कॉटन जपतात आणि मायक्रोफायबर उकळतात.

प्रश्न: आमचं शिवाजी पेठेत जुनं घर, खाली शहाबादी फरशी, ओट्याला कडप्पा. मी आयुष्यभर गुडघ्यावर बसून फडक्यानं पुसलं. सून म्हणती आता मॉप आणूया. मॉपनं कोपऱ्यातली घाण निघत नाही असं माझं म्हणणं. तिनं परवा डाग निघावा म्हणून संडास साफ करायचं लिक्विड फरशीवर टाकलं तर तिथं पांढरा चट्टा पडला तो जाईना. – एक सासू

उत्तर: आक्का, कोपऱ्याच्या बाबतीत तुमचं बरोबर आणि गुडघ्याच्या बाबतीत सुनेचं बरोबर. गोल मॉप काटकोनी कोपऱ्यात पोचतच नाही, तिथं फडकंच लागतं. पण रोजची सगळी फरशी तुमी या वयात बसून पुसायची काही गरज नाही. रोज मॉप, आठवड्यातनं एकदा कोपरे आणि जोत्याच्या कडा फडक्यानं, आणि ते फडकं सुनेच्या हातात द्या की.

शहाबादी फरशीला मात्र स्पिन मॉपच्या नादाला लागू नका. तिचा पृष्ठभाग खडबडीत, फटी मोठ्या, मायक्रोफायबरचे दोरे अडकून तुटतात. त्याला आपला साधा कॉटनच्या जाड दोऱ्यांचा मॉप चांगला, क्लिपमध्ये अडकवायचा. त्याचं डोकं बदलणंही सोपं, खटका उघडायचा, जुना गुच्छ काढायचा, नवा घालायचा, खटका लावायचा. ही खटक्याची कल्पना आजची नाही बरं का. थॉमस स्टुअर्ट नावाच्या माणसानं अमेरिकेत कलामाझू गावात असताना १८९३ साली अशाच पकडीच्या मॉपचं पेटंट घेतलंय, डोकं काढून धुता यावं, बदलता यावं म्हणून. आणि आपण अजून डोकं खराब झालं की दांड्यासकट फेकतोय.

आता चट्टा. शहाबाद, कडप्पा, कोटा, संगमरवर हे सगळे चुन्याच्या जातीचे दगड, त्यांना आम्ल चालत नाही. संडासच्या लिक्विडमध्ये हायड्रोक्लोरिक अॅसिड असतं, ते दगडाचा वरचा थर खातं. म्हणजे तो डाग नाहीच, दगड झिजलाय तिथं, म्हणून घासून जात नाही. पॉलिश करणारा माणूस बोलावला तर तेवढा भाग परत घासून देतो. व्हिनेगर आणि लिंबूसुद्धा हेच करतात, हळूहळू. इंटरनेटवर लिंबू लिंबू करतात ते व्हिट्रिफाइड टाइल्सवाल्यांनी ऐकावं, आपण नाही. जुन्या मोझेक टाइल्सनाही हाच नियम, त्यात संगमरवराचेच तुकडे असतात. साधं कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब, बास. सुनेवर चिडू नका, बाटलीवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते कोण वाचतंय.

प्रश्न: कामवाल्या मावशींसाठी महागातला स्पिन मॉप आणला. त्या मी ऑफिसला गेले की फडक्यानंच पुसतात. मॉपचे दोन दांडे मोडले, विचारलं तर म्हणतात, आपोआप मोडला. त्यांना कसं समजवायचं? – ताराबाई पार्क

उत्तर: समजवायच्या आधी विचारा. तुमच्या पूर्ण पत्रात मावशींना त्या मॉपबद्दल काय वाटतं याचा एक शब्द नाही. त्या दिवसाला चार-पाच घरं करत असतील, प्रत्येक घरी वेगळा मॉप, वेगळी बादली, वेगळं लॉक, आणि प्रत्येक बाई म्हणणार आमचाच भारी.

दांडा का मोडतो ते सांगते, आपोआप म्हणतात त्यात थोडं तथ्य आहे. स्पिन मॉपचा दांडा दोन नळ्यांचा असतो, एकात एक. आत पिळाची पट्टी असते, वरनं दाबलं की त्या पिळामुळं खालचं डोकं फिरतं. पिळताना लॉक उघडं पाहिजे आणि पुसताना बंद. लॉक बंद असताना बादलीत जोर लावला की आतला प्लास्टिकचा भाग तुटतो. उघडं ठेवून पुसायला गेलं की दांडा हातात खालीवर होतो, वैताग येतो, मग माणूस तिरका जोर लावतं आणि नळी वाकते. आणि डोकं पाण्यानं गच्च भरलेलं असताना जाळीत मधोमध न ठेवता फिरवलं तरी तेच. हे कुणी त्यांना एकदा तरी करून दाखवलं का? माहितीपत्रक इंग्रजीत, ते बहुतेक तुमच्या ड्रॉवरमध्ये असेल.

दुसरं, ती बादली. दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो, वर बादलीचं वजन, आणि ती बाथरूमच्या उंबऱ्यावरनं उचलून ओतायची. खाली पाणी सोडायचं बूच असलेली, चाकांची बादली असेल तर गोष्ट वेगळी. तिसरं, उंची. दांडा उभा केला तर तो धरणाऱ्याच्या हनुवटीपर्यंत यायला पाहिजे, त्यापेक्षा आखूड असला की कंबर वाकते आणि मग खाली बसून फडक्यानं पुसलेलं परवडलं असं वाटतं. तुमच्या उंचीला सेट केलेला असेल आणि मावशी तुमच्यापेक्षा बुटक्या किंवा उंच असतील तर तो त्यांच्या कामाचाच नाही.

मी तर म्हणते पुढचा मॉप घ्यायला जाताना त्यांनाच विचारा, कुणाच्या घरचा मॉप तुम्हाला बरा वाटतो. चार-पाच घरचे मॉप रोज वापरणाऱ्या बाईएवढा अनुभव दुकानदाराकडंही नसतो. त्यांनी सांगितलं की फडकंच पायजे, तर चांगली मऊ, पिळायला सोपी फडकी आणि रबरी हातमोजे आणून द्या, फिनेलच्या पाण्यात रोज हात घालून कातडी फाटते. मॉप तुम्ही रविवारी वापरा.

प्रश्न: आम्ही तिघं मित्र विद्यापीठाजवळ रूम घेऊन राहतो. रूममालक म्हणाले स्वच्छता ठेवा नाहीतर चालू लागा. कमीत कमी काय काय घ्यावं? बजेट नाही. – तीन पोरं

उत्तर: एक फुलझाडू, एक सुपली, एक साधा कॉटनचा मॉप, एक वायपर, संडासचा ब्रश आणि दोन बादल्या, एक अंघोळीची आणि एक फरशीची, आणि ती दुसरी कधीही अंघोळीला वापरायची नाही. स्पिन मॉप नको, महिन्यात मोडाल. पोरांनो, आधी झाडायचं मग पुसायचं, न झाडता पुसलं की केस आणि मातीचा चिखल होऊन कोपऱ्यात चिकटतो आणि मॉपही वाया जातो. नवीन फुलझाडू घराबाहेर नेऊन चांगला आपटून घ्या, नाहीतर त्याचा भुसा आठवडाभर पडत राहील आणि तुम्हाला वाटेल झाडूनच घाण होतेय. ओल्या फरशीवर फुलझाडू घालायचा नाही, कुजतो. लक्ष्मीपुरीत एका फेरीत सगळं मिळेल.

प्रश्न: आमचं घर शाहूपुरीत सखल भागात. पुराचं पाणी ओसरल्यावर घरात जो चिखल राहतो तो पुसून पुसून संपत नाही. दोन वेळा झालं, परत व्हायच्या आधी नीट विचारून ठेवावं म्हटलं. – शाहूपुरी

उत्तर: २०१९ च्या ऑगस्टात आणि परत २०२१ च्या जुलैत ज्यांनी ज्यांनी घर धुतलं त्यांना मॉपचं कौतुक सांगण्यात अर्थ नाही. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांच्या धोका पातळीकडं निघालं की तुमच्याकडं सामान वर चढवायची घाई असते, त्यात दोन लांब दांड्याचे रबरी वायपर आणि एक पत्र्याचं घमेलं पण वर ठेवा, नंतर दुकानं उघडी नसतात.

गाळ पुसायचा नसतो, ढकलायचा असतो. पाणी घोटाभर राहिलेलं असतानाच, म्हणजे ओसरता ओसरताच, त्याच पाण्याबरोबर खराट्यानं गाळ हलवत दाराबाहेर लोटायचा. एकदा का पाणी पूर्ण गेलं आणि तो वाळला की सिमेंटसारखा धरून बसतो आणि मग खोरं लागतं. अर्थात लाइटचा मेन स्विच बंद आहे याची खात्री करूनच आत पाऊल टाकायचं, आणि अनवाणी तर बिलकूल नाही, गाळात काचा असतात. खराट्याच्या काड्या कडक असतात म्हणून तो इथं चालतो, फुलझाडूचा पाच मिनिटांत चोथा होईल.

गाळ गेला, साध्या पाण्यानं दोनदा धुतलं, त्यानंतरच टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून टाकायची. लोक घाईनं चिखलावरच पावडर भुरभुरतात, ती वाया जाते, क्लोरीन त्या घाणीतच खर्ची पडतो. वीस मिनिटं तसंच ठेवून धुऊन काढायचं. मग शेवटी मॉप. आणि तो मॉप धुऊन परत वापरायच्या भानगडीत पडू नका, डोकं सरळ टाकून द्या, त्या पाण्यात गटाराचंही पाणी असतंय.

प्रश्न: संडास लवकर साफ व्हावा म्हणून अॅसिडवालं लिक्विड आणि वरनं टीसीएल टाकलं तर घशात जाऊन जीव गुदमरला. असं का झालं? – उचगाव

उत्तर: अहो तो क्लोरीन वायू. आम्ल आणि ब्लीच एकत्र आलं की तोच निघतो, आणि लहानशा बंद संडासात तो जिवावर बेतू शकतो. परत कधीही नाही. एका वेळी एकच गोष्ट वापरायची, भरपूर पाणी ओतायचं, दुसरी पाहिजेच असेल तर दुसऱ्या दिवशी. चुकून झालंच तर वास घेत पाणी ओतत थांबू नका, दार उघडं टाकून बाहेर मोकळ्या हवेत या, आणि खोकला किंवा धाप राहिली तर डॉक्टरकडं जा. तुमच्या घरातल्या सगळ्यांना हे वाचून दाखवा.

प्रश्न: व्हिट्रिफाइड टाइल्स, पुसलं की पांढरे पट्टे. पाणी बोअरचं आहे. – पाचगाव

उत्तर: बोअरच्या पाण्यात क्षार, पाणी उडून गेलं की तेच मागं राहतात. पुसायला तेवढी एक बादली नळाच्या पाण्याची घ्या आणि मॉप जास्त पिळा, फरशी दोन मिनिटांत वाळली पाहिजे इतका. लिक्विड अर्ध्यावर आणा, साबण जास्त झाला तरी असेच पट्टे उमटतात आणि त्या चिकटपणावर पाऊल पाऊल दिसतं. तीन खोल्यांत एकच पाणी फिरवत असाल तर ते बंद करा, दुसऱ्या खोलीपासनं तुम्ही पुसत नसता, घाण वाटत असता.

प्रश्न: कांदा-लसूण मसाला करताना पांढऱ्या मॉपनं खाली सांडलेलं पुसलं, आता तो पिवळा-लाल झालाय. फेकू? – मंगळवार पेठ

उत्तर: मसाला सांडला की आधी कोरडाच गोळा करायचा, मॉप नंतर. आता धुऊन कडक उन्हात टाका दोन-तीन दिवस. हळदीचा रंग उन्हानं उडतो, मिरचीचाही बराचसा. तेलाचा अंश असेल म्हणून भांड्याचा साबण लावून धुवा. एवढं करून पिवळट राहिला तर राहू दे, रंगामुळं त्याचं काम अडत नाही.

प्रश्न: लक्ष्मीपूजनाला केरसुणी पूजतो पण वर्षभर वापरतो प्लास्टिकचा झाडू. मग केरसुणीचं करायचं काय? दरवर्षी एक साठतेय. – कसबा बावडा

उत्तर: वापरायची, दुसरं काय. शिंदीच्या पानांची केरसुणी सिमेंटच्या कोब्यावर, जिन्यात, गॅलरीत, गच्चीवर मस्त चालते, बारीक माती ती छान ओढते. गुळगुळीत टाइल्सवर मात्र फुलझाडूच बरा. अंगणात पालापाचोळा असेल तर खराटा. प्लास्टिकचा झाडू ओल्या जागेला, बाथरूमला, कारण तो कुजत नाही, पण कोरड्या घरात त्याच्या काड्यांना केस गुंडाळतात आणि बारीक धूळ मागं राहते. पूजेची केरसुणी पाडव्यापासनं कामाला लावा. साठवून ठेवली तर वाळून पानं झडतात आणि तिचाच केर काढत बसावं लागतं.

प्रश्न: बहिणीनं पुण्यावरनं स्पंजचा मॉप दिला, दांड्याचा खटका ओढला की स्पंज दुमडून पिळतो. पहिल्यांदा वापरला तेव्हा छान होता, आठवड्यानं काढला तर लाकडासारखा कडक. ओढला तर मधेच चिरला. – रंकाळा परिसर

उत्तर: तो पीव्हीए नावाच्या प्लास्टिकचा स्पंज, वाळला की कडक होतोच, खराब झालेला नसतो. वापरायच्या आधी दहा मिनिटं पाण्यात बुडवून ठेवायचा, मऊ पडला की मगच खटका ओढायचा. चिरलेला आता जुळणार नाही, रिफील घ्या. मागच्या बाजूला दोन किंवा चार स्क्रू असतात, त्यातलं अंतर पट्टीनं मोजून कागदावर लिहून न्या, लांबी सारखी असली तरी स्क्रूचं अंतर वेगळं निघतं. खडबडीत फरशीवर आणि बाथरूमच्या अँटी-स्किड टाइल्सवर तो वापरू नका, कडा फाटतात.